जो कोणी हलेल त्याला कुऱ्हाड!

वकिलाने लिहिलेल्या करारात आजवर कुणाला फट सापडलेली नव्हती, आणि हे तो ओळख होताच तिसऱ्या वाक्यात सांगत असे. मग रविवारच्या फाशांच्या खेळातला हाणामारीचा नियम सुधारणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ!

सुधारणं भागच होतं. खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं; गोष्ट वकील रचायचा, राक्षसही तोच चालवायचा. मेहुणा लांबून बाण मारायचा, शेजारचे दंतवैद्य जादूगार होऊन लांबूनच आग सोडायचे. वकिलाची बायको मात्र कुऱ्हाडवाली; ती राक्षसापर्यंत पोचेतो राक्षस एकतर मेलेला, नाहीतर पळालेला!

"आणखी एक रविवार असा गेला, तर मी खेळ सोडणार," तिने बजावलं. तिच्याशिवाय खेळायची कल्पनाच वकिलाला सहन होईना. आठवडाभर खपून त्याने नियम लिहिला: "कुऱ्हाडीच्या टप्प्यातून जो कोणी बाहेर पडेल, त्याच्यावर दुप्पट जोराचा एक वार फुकट."

बायकोने कागद दोनदा वाचला. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. औषधाची बाटलीसुद्धा पूर्ण वाचल्याशिवाय उघडत नसे.

खेळ सुरू झाला. तिघे गुहेच्या तोंडाशी खेटून उभे होते, तोच ड्रॅगन अगदी समोर आला. तीन महिने पुरेल अशा बेताने वकिलाने तो जिवापाड जपून घडवला होता.

"मी मागे सरकून आग सोडतो," दंतवैद्य म्हणाले.

"वार!" बायको ओरडली.

"अहो वहिनी, मी तुमच्या बाजूचा!"

"'जो कोणी' असं लिहिलंय."

वकिलाने कागद पाहिला. अक्षर त्याचंच होतं! जादूगार आडवा झाला.

"ताई, मी तुझा सख्खा भाऊ आहे!"

"मग हलू नकोस."

पण जवळून बाण मारायची सवय कुणाला? मेहुणा पटावर एक घर मागे सरकला आणि कामातून गेला.

आता ड्रॅगनचं काय? त्याला वाचवायला वकील घाईघाईने म्हणाला, "ड्रॅगन उडून जातो!" आणि त्याने जीभ चावली.

"वार!!"

तीन महिन्यांचा ड्रॅगन वीस मिनिटांत गार! बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मेलेले दोघेही हसले. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. वकिलाचा जीव सुपाएवढा झाला.

"मग? आता नाही ना सोडणार खेळ?"

तिने कुऱ्हाडवालीची सोंगटी डबीत ठेवली.

"विचार करते. इतकं सोपं असेल तर कंटाळा येतो रे!"