सोनकानीचा डबा आणि तीनशे आजोबा

एका जंगलात, मुलांनो, सशांचं एक राष्ट्र होतं. इतकं एवढंसं, की राष्ट्रगीत म्हणत चालायला लागलं तर ते संपायच्या आत सरहद्द यायची.

पूर्वी तिथे लांडग्यांचं राज्य होतं. एके दिवशी लंबोजी आणि सोनकानी या दोन सशांनी ओढ्यावर दिवसभर रिकामा डबा बडवला. शिकाऱ्यांचे हाकारे आले असं वाटून लांडगे पळाले. पळता पळता एकाने सोनकानीला मारलं. बाकीचे ससे तेव्हा बिळात होते. देशप्रेम त्यांनाही होतंच, पण ते खोल होतं.

पुढे पिसारदास नावाच्या मोराने या लढ्यावर सिनेमा काढायला घेतला. लगेच घराघरांतून नातू आले.

"आमच्या आजोबांच्या हातात तलवार पाहिजे!"

"आमचे आजोबा घोड्यावर! मागच्या रांगेत दिसले तर आमच्या भावना दुखावतील!"

भावनांना मोर फार भ्यायचा. त्याने तीनशे आजोबा घेतले, सगळे पहिल्या रांगेत. डबा काढून टाकला, कारण तो पडद्यावर शोभेना.

म्हातारा लंबोजी काठी टेकत आला. त्याला मूलबाळ नव्हतं. "मला काही नको रे बाबा. सोनकानीचं नाव तेवढं एकदा येऊ दे."

"कोण सोनकानी? त्यांचे नातू कुठायत?"

"ती विशीतच गेली."

"मग अवघड आहे हो, आजोबा. बरं, लांडगा व्हाल का? त्या कामाला कुणाचेच आजोबा मिळत नाहीत."

लंबोजीने डोकं खाजवलं. "होतो. पण मरताना मी म्हणणार, 'सोनकानी, तू जिंकलीस!'"

"म्हणा की," मोर म्हणाला.

सिनेमा झकास झाला. तीनशे तलवारी चमकल्या, घोडे उधळले, लांडगा कोसळला आणि त्याने तोंड उघडलं. त्याच क्षणी नातवांनी अशा शिट्ट्या आणि टाळ्या वाजवल्या, की पुढचं अक्षर कुणाला ऐकू आलं नाही.

बाहेर पडताच पोरांनी लंबोजीला ओळखलं. "लांडगा! देशाचा वैरी! हाणा!" हाताला लागलं ते त्यांनी फेकलं. हाताला गाजरंच लागत होती.

लंबोजीने ती निवांतपणे वेचली. चांगली टोपलीभर झाली. मग तो ओढ्यावर गेला आणि सोनकानी पडली होती त्या दगडापाशी बसला. अर्धी गाजरं त्याने तिच्यापुढे ठेवली. त्याला हसू आवरत नव्हतं.

"पिक्चर चांगलाय गं," तो गाजर कुरतडत म्हणाला. "आपण दोघं त्यात नाही, एवढं सोडलं तर."

तात्पर्य : मुलांनो, देशासाठी जरूर लढावे. मात्र त्याआधी लग्न करून खणखणीत आवाजाच्या नातवंडांची सोय करून ठेवावी.