आप्पांची वाढीव वॉरंटी

नगरला लागून असलेल्या भिंगारला आमच्या शेजारी राहणाऱ्या आप्पा शेळक्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीला वरून रबर. आवाज वाढवायचा तर दोन्ही अंगठे लावून दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक तर त्यांच्या मुलीच्या लग्नाआधीपासून निघालेलं नाही. उन्हाळ्यात त्यावरून उठलं की माणूस सोलून निघतो. एकदा म्हटलं, "आप्पा, काढा की ते!" तर म्हणाले, "मास्तर, सोफा खराब हुईल." घ्या!

असा माणूस वॉरंटी कशाला घेईल? फ्रीज घेताना दुकानदारानं वाढीव वॉरंटीचं नाव काढलं, तर आप्पांनी त्याला तिथंच झाडला. "आजारी पडायच्या आधीच डॉक्टरची फी? आपल्याला फसवनारा अजून जन्मायचाय!"

गेल्या महिन्यात त्यांना लॅपटॉप घ्यायचा होता. स्वतःला नव्हे. एकुलती एक लेक सुनंदा कोपरगावला दिलेली. तिनं घरबसल्या शिकवण्या सुरू केल्या, म्हणून बापाकडून भेट. मला बरोबर घेतलं, का तर मी शिकलेला. नगरच्या दुकानात मला कुणी तोंड उघडू दिलं तर शपथ.

काउंटरवरच्या ताई गोड बोलून म्हणाल्या, "काका, वाढीव वॉरंटी घेऊनच टाका. कीबोर्डवर चहा सांडला तर?"

"त्याच्यापाशी चा प्यायचाच न्हाई."

"हातातून पडला तर?"

"पाडायचाच कशापायी?"

ताई दमल्या. मग आप्पांनीच काढलं, "बरं, खंडेनवमीला पूजा करताना हळदकुंकू आत गेलं तर? आमी वर पानी बी शिंपडतो."

आता याचं उत्तर कंपनीनं कुठं ठेवलंय! बिचाऱ्या ताईंनी मॅनेजरला फोन लावला. निरोप आला, पूजा झाकण बंद करून करा. आप्पांना काही ते पटेना. "यंत्राचं तोंड झाकून कुठं पूजा असती व्हय?" मी आपला ओळख नसल्यासारखा चार्जर बघत उभा राहिलो.

शेवटी ताई म्हणाल्या, "दोन प्रकार आहेत, काका. एकात आमचा माणूस कोपरगावला घरी येऊन दुरुस्ती करतो. दुसऱ्यात लॅपटॉप इथं नगरला आणायचा आणि दुरुस्त होईपर्यंत दोन-तीन दिवस थांबायचं."

"घेतलीत तर घरी येणारीच घ्या," मी म्हणालो. "सुनंदाला एसटीनं हेलपाटा कशाला?"

आप्पांनी कान टवकारले. मग ताईंना म्हणाले, "नगरलाच आनावा लागतो? मालकानं सोता?"

"ज्यांच्या नावावर बिल, त्यांनी आलेलं बरं."

"मंग बिल सुनंदाच्या नावानं करा. अन् ही नगरवाली वॉरंटी द्या."

मी भडकलोच. "आप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीला कशाला त्रास?"

आप्पा खोक्याकडं बघत राहिले. "मास्तर, दिवाळीला आली, जेवली अन् त्याच दिवशी माघारी गेली. सासूचं गुडघं, गाईंच्या धारा, पोरांची शाळा. तिची आई गेल्यापासनं मी एकटाच जेवतो. कारन लागतं ओ पोरीला. बापाची आठवन आली म्हनून कोन सोडतंय?"

मी पुढं होऊन बिलासाठी सुनंदाचं नाव ताईंना लिहून दिलं.

ताई बिल करायला बसल्या, तेवढ्यात आप्पा काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्यो लई टिकाऊ हाय का? मंग जरा कमी टिकाऊ असंल त्यो दाखवा की."