पटलेकाकांच्या अंगठ्याखालचं तिकीट

गावाचं नाव नीट घेतल्याशिवाय पटलेकाका तिकीट सोडत नसत. आमच्या छोट्या रेल्वे हॉल्टवर ते तिकीट-एजंट. पुठ्ठ्याचं तिकीट खिडकीतून सरकवायचं, वर अंगठा दाबून धरायचा आणि विचारायचं, "कोठी जाऊन राहिले?"

खिडकीजवळच्या भाड्याच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाचून एखादा परका 'साउंडॅड' म्हणाला की संपलं. "सौंदड म्हणा, बाप्पा! तुमच्या बापाचं नाव कोणी असं घेतलं तं चालंन का?" मागे गाडी शिट्टी मारतेय, बाया गाठोडी सावरत ओरडताहेत, "काका, सोडा न जी!" अंगठा ढिम्म.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तिथल्या शाळेत मास्तर, नाशिककडचा, एकटा. शाळा सुटली की त्यांच्या घरापुढच्या छपरीत चहाला जाऊन बसायचो. काकांची बायको वारलेली, मुलगी रायपूरला दिलेली. कुठल्या गावचा माणूस आपल्या गावाचं नाव कसं घेतो, हे काका मला घोळून घोळून ऐकवायचे. स्वतः मात्र गोंदियापलीकडे कधी गेले नव्हते.

एकदा माझ्यापुढच्या माणसाशी त्यांचा वाद लांबला आणि माझी गाडी सुटली. शाळांच्या बैठकीला उशिरा पोचलो. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. त्या रागात मी रेल्वेकडे काकांविरुद्ध निनावी तक्रार लिहिली. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

पंधरवड्याने साध्या कपड्यांतला एक माणूस खिडकीशी आला. रांगेत मी नेमका त्याच्या मागे. त्याच्या फायलीतून माझाच कागद डोकावत होता.

"एक साउंडॅड देना."

"साहेब, पहले गाव का नाम तो सीधा लो!"

'काका, सोडा,' एवढंच म्हणायचं होतं. गाडी आली, थांबली, सुटली. अंगठा हलला नाही. मी बोललो नाही.

महिन्याभरात काकांची एजन्सी गेली. मी छपरीत जाणं सोडलं, मग बदलीच करून घेतली.

दहा-बारा वर्षांनी, एका उन्हाळ्यात, धीर करून गेलो. काका अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, ती तक्रार माझी होती."

"माहीत आहे." हात चालूच होते. "त्या तपासणीवाल्या साहेबानं कागद दाखवला होता. माह्या छपरीत बसून रोज पोरायच्या वह्या तपासत होते तुमी. अक्षर नाई ओळखणार का मी, गुरुजी?"

मी खाली बसून त्यांच्यासोबत फुलं पसरू लागलो.

"एजन्सीचं जाऊ द्या. गेली तं गेली." आता त्यांनी मान वर केली. "पण तुमी यायचं काऊन सोडलं? मी तो पावसाळाभर दोन कप चहा मांडत होतो."