भिंतीतलं भोक आणि मी

थंडी घराबाहेरच रोखायची, असं मी एका रविवारी सकाळी ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय रविवारी सकाळी होतात आणि संध्याकाळपर्यंत घरच्यांना भोवतात.) निमित्त सासूबाईंचं. त्या हिवाळाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि आल्यापासून, "हे घर आहे की चाळण?" असं भिंतींना विचारत होत्या. भिंती उत्तर देत नव्हत्या, म्हणून प्रश्न माझ्याकडे येत होता.

मी बाजारातून फोमच्या पट्ट्या, चिकटपट्टीची रिळं आणि जाड प्लॅस्टिक आणलं. खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून कडेनं चिकटपट्टी मारली. दाराच्या चौकटीला फोम लावला. शेवटी हॉलमध्ये, गॅसच्या हीटरजवळ, भिंतीत एक जाळीचं भोक सापडलं. त्यातून गार वारा बिनदिक्कत आत येत होता.

"अहो, ते कशासाठी तरी ठेवलं असेल ना?" बायको म्हणाली.

"बांधणाऱ्यांचा हलगर्जीपणा!" असं म्हणून मी जाळी काढली आणि माझा जुना स्वेटर आत कोंबला. (तो स्वेटर मला कधीच नीट बसला नव्हता. भोकाला मात्र मापात बसला.)

जेवणं झाल्यावर हीटर लावला. खोली छान तापली. तिघं बसलो आणि मी घरातली ऊब कुठून कशी निसटते यावर बोलायला लागलो. बऱ्याच वेळानं भिंतीवरचं यंत्र किंचाळायला लागलं. हे यंत्र बायकोनं लावून घेतलं होतं. हीटरमधला गॅस नीट जळला नाही तर जो विषारी वायू होतो तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, म्हणून हे यंत्र ओरडून सांगतं.

"सेल उतरलेत," मी निदान केलं. स्टुलावर चढलो, सेल काढले आणि सहज टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. रिमोट झटक्यात चालला! (म्हणजे सेल उतरलेले नव्हते, हे कळायला हवं होतं. मला फक्त रिमोट चालल्याचा आनंद झाला.)

मी पुन्हा बोलू लागलो. बायको कपाळ चोळत होती. सासूबाई जांभया देत पेंगत होत्या. आता, मी बोलत असताना डोकं दुखणं आणि डोळे मिटणं ही आमच्या घरातली नेहमीची लक्षणं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तेवढ्यात सासूबाई जड जिभेनं म्हणाल्या, "जावईबापू, छान केलंत हो सगळं. हुशार आहात."

बायको ताडकन उठली. "अहो, आईला काहीतरी झालंय!"

"कौतुक केलं तर लगेच..."

"लग्न झाल्यापासून तिनं तुम्हाला कधी हुशार म्हटलंय? माझंही डोकं फुटतंय. त्या यंत्राचे सेल कुठायत?"

"रिमोटमध्ये."

"हीटर बंद करा! बाहेर चला आधी!"

मी हीटर बंद करून खिडकीकडे धावलो. चिकटपट्टी निघेना. नखं तुटली, पट्टी तशीच. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम पक्कं निघालं होतं. मग दार. फोममुळे तेही चौकटीत घट्ट बसलेलं. मागे सासूबाईंनी लेकीच्या खांद्यावर मान टाकली होती आणि बायको, "आई, झोपू नकोस गं," म्हणत होती. तो आवाज ऐकला मात्र, एक पाय भिंतीला लावून मी कडी जीव खाऊन ओढली. दार उघडलं, मी उताणा पडलो आणि त्या दोघी माझ्यावरून बाहेर गेल्या.

जिन्यातून खाली उतरून रस्त्यावर आलो. ज्या गार वाऱ्याशी मी सकाळपासून भांडत होतो, तोच आम्ही हपापल्यासारखा आत ओढत होतो. बायकोनं फोन केला. अग्निशमन दलाचे लोक आले, वर जाऊन त्यांनी खिडक्या मोकळ्या केल्या. त्यांचा अधिकारी माझा स्वेटर दोन बोटांत धरून खाली आला.

"हा कोणी कोंबला?"

मी बायकोकडे आशेनं पाहिलं. ती माझ्याकडे बोट दाखवत होती.

"अहो, हीटरला हवा मिळावी म्हणून ठेवलेलं भोक ते! अजून थोडा वेळ बसला असता तर उठलाच नसता. यंत्र ओरडलं नाही?"

"ओरडलं की."

"मग?"

"मी गप्प केलं."

त्यानं मला एका पांघरुणात गुंडाळलं आणि माझा फोटो काढला. तशी पद्धत असेल, असं मला वाटलं.

दवाखान्यात तिघांना प्राणवायूचे मास्क लावले. सासूबाई शुद्धीवर होत्याच, आता रंगावरही आल्या. डॉक्टर माझा मास्क काढायला आले तेव्हा बायको म्हणाली, "ह्यांचा राहू द्या अजून थोडा वेळ. शांत वाटतंय."

पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यात अग्निशमन दलाचं पोस्टर लागलं: 'हिवाळ्यात हे टाळा.' त्यात बुजवलेलं भोक आहे, हीटर आहे आणि शेजारी पांघरुणात गुंडाळलेला मी. भोकावर आणि हीटरवर लाल फुली छापलेली आहे. माझ्यावरची फुली मात्र जांभळ्या पेननं मारलेली आहे. ती कोणाची, हे सांगणं कठीण. पण जांभळ्या शाईनं शब्दकोडी सोडवणारं आमच्या इमारतीत एकच माणूस आहे, आणि मुक्काम आमच्याकडेच आहे.