वारा कुणीकडचा

निसर्ग कुणाचं वाईट करत नाही. आपण फक्त त्याच्या तोंडाशी बाग लावू नये. हे सत्य दादाला सेंद्रिय द्राक्षांच्या सहाव्या वर्षी उमगलं.

तोवर त्याच्या बागेत विषाचा थेंब पडला नव्हता (निदान त्याने टाकला नव्हता). लसणाचं पाणी, साबणाचं पाणी आणि भरवसा, एवढ्या औषधांवर घड टपोरे यायचे. त्यांची वाइन चाखणारे लोक डोळे मिटायचे आणि बराच वेळ उघडायचे नाहीत. लांबून लोक दादाचं भाषण ऐकायला यायचे.

"किडीशी वैर धरू नका," तो सांगायचा. "तिला समजून घ्या."

कुंपणापलीकडे धाकट्या भावाची बाग. धाकटा कुणाला समजून घेत नसे, फवारत असे.

त्या वर्षी सेंद्रियचा दाखला देणारे तपासणीस कुंपणाशी थांबले आणि त्यांनी नाक वर केलं. "वारा तिकडून इकडे येतो की हो! नियमात बसत नाही."

दादा तडक धाकट्याकडे गेला. "वारा माझ्याकडे असेल तेव्हा फवारू नकोस बाबा. चार लोकांत माझी अब्रू आहे."

"तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय का?" धाकटा म्हणाला, आणि वारा पडलेला असताना, पहाटे फवारू लागला.

महिनाभरात किडीने दादाला पुरतं समजून घेतलं. पानांची चाळण झाली, घडांवर भुरीची पांढरी बुरशी चढली. दादा एकेक घड तळहातावर तोलून बघायचा आणि घरी येऊन न जेवता बसायचा. त्या वर्षीची वाइन मात्र अस्सल सेंद्रिय निघाली. बायकोने एक घोट घेतला आणि उरलेल्या पेल्याने मोरी घासली (मोरी लखलखीत झाली). गिऱ्हाईक घड उलटसुलट करून म्हणालं, "सेंद्रिय ना? मग अळी कशी?"

छाटणीच्या वेळी दोघे भाऊ कुंपणाशी समोरासमोर आले. धाकट्याने विचारलं, "दादा, यंदाही वारा बघूनच फवारू ना?"

दादाने समोरची एक फांदी छाटली. कान तेवढे लाल झाले.

"पहाटे गारठा असतो," तो म्हणाला. "तुझ्या छातीला बरा नाही. दुपारी करत जा."

"दुपारी वारा तुझ्याकडे असतो."

"छाती सांभाळ म्हणतोय मी."

"आणि तपासणीस?"

"ते सकाळी येतात."

धाकटा हसला नाही. थोरल्या भावाचा मान राखायची आमच्याकडे अजून पद्धत आहे.

सातव्या वर्षी घड पुन्हा टपोरे आले. दादाची भाषणंही सुरू झाली. 'समजून घ्या' म्हणताना तो हल्ली जरा खोकतो, इतकंच. परवा पाहुण्यांसाठी तुम्ही दुप्पट पैसे मोजून आणलीत ती बाटली याच बागेतली. पहिल्याच घोटाला तुम्ही म्हणालात, "शुद्ध ते शुद्धच, जिभेला लगेच कळतं!" आणि दुसऱ्या दिवशी तुमचं डोकंसुद्धा दुखलं नाही म्हणे.