बावीस नायक आणि एक रस्ता

दाखले देणाऱ्या कार्यालयाला समोरच्या नव्या इमारतीत जायचे होते. मध्ये रस्ता, रुंदी साठ पावले. जुन्या इमारतीच्या छताचा एक तुकडा शुक्रवारी हेडक्लार्कच्या खुर्चीवर उतरला. हेडक्लार्क नेहमीप्रमाणे जागेवर नसल्याने जीवितहानी टळली. आठ दिवसांत स्थलांतर करावे, असा वरून आदेश आला.

नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब 'बायबलमधल्या थोर पुरुषांकडून आजच्या नेतृत्वाचे धडे' हे प्रशिक्षण घेऊन परतले.

"मोशेने आख्ख्या समाजाला गुलामगिरीतून सोडवलं आणि वाळवंटातून नेलं," त्यांनी सर्वांना सांगितले. "चाळीस वर्षं लागली."

"आपल्याकडे आठ दिवस आहेत, साहेब," हेडक्लार्क म्हणाले.

"म्हणूनच घाई करता कामा नये."

मोशेने नवा देश पाहायला बारा हेर पाठवले होते. साहेबांनीही बारा जणांचे पाहणी पथक रस्त्यापलीकडे रवाना केले. तीन दिवसांनी पथक प्रवासभत्त्याच्या अर्जासह परतले. दहा जणांच्या मते तिथले जिने फार दमवणारे होते. उरलेले दोघे जागा उत्तम आहे म्हणाले, त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

मोशेच्या सासऱ्यांनी जावयाला बजावले होते, की सगळा भार एकट्याने वाहू नकोस, माणसांवर नायक नेम. साहेबांना हे फारच पटले. कार्यालयात माणसे बावीस. कुणाचे मन मोडायला नको म्हणून बावीसही नायक झाले. कपाटे मात्र जागची हलली नाहीत, कारण ओझे उचलणे नायकपदाला शोभत नव्हते.

सातव्या दिवशी छताचा दुसरा तुकडा सफाईवाल्या मावशींपासून वीतभर अंतरावर कोसळला. मावशी केस झटकत थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, तुमच्या त्या मोशेंपुढे समुद्र दुभंगला म्हणता. इथं नुसता रस्ता आहे. कपाटं कोण उचलणार, तेवढं सांगा."

"अनुयायी," साहेब खिन्नपणे म्हणाले. "पण ते पद मंजूरच नाही."

मावशींनी खिडकी उघडली. बाहेर दाखल्यांसाठी आलेल्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. "हे काय मग? सकाळपासून उभे आहेत."

साहेब पायरीवर आले, छत्री उगारून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्हीकडची वाहने थबकली. "चला!" ते गरजले. रांग चालू लागली. दीड तासात एकेचाळीस कपाटे पलीकडे गेली. बावीस नायक "सांभाळून, सांभाळून" असे मार्गदर्शन करत राहिले.

नव्या इमारतीत रांग पुन्हा शिस्तीत उभी राहिली. खिडकीवर पाटी लागली: 'यशस्वी नेतृत्वाबद्दल सत्कार चालू असल्याने आज दाखले मिळणार नाहीत.' आतून टाळ्या ऐकू येताच रांगेनेही टाळ्या वाजवल्या.

"अहो, कपाट तुमच्या हातात होतं," मावशी कपाळावर हात मारत रांगेला म्हणाल्या. "उचलायच्या आधी दाखला मागायचा नाही का?"

पण वाचकहो, कपाटाचे डावे टोक खांद्यावर घेताना तुम्ही एवढेच विचारले होते, "साहेब, कुठे ठेवू?"