न पाहिलेल्या सिनेमाचं प्रास्ताविक

श्यामसुंदर आगाशे यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमत: स्कूटर तिरकी करून सुरू करणं आणि प्रास्ताविक. स्कूटर विकून त्यांनी मारुती घेतली, तेव्हा उरलं प्रास्ताविक. बँकेतून निवृत्त झाल्यावर वारज्याच्या सोसायटीत त्यांनी ज्येष्ठ नागरिक मंडळ काढलं, सचिवपद स्वतःकडे ठेवलं आणि दर महिन्याला हॉलमध्ये एक सिनेमा दाखवावा, पण त्याआधी प्रास्ताविक झालंच पाहिजे, असा ठराव करून घेतला. (ठराव मांडण्यापूर्वी त्याचंही प्रास्ताविक झालं होतं.)

त्या महिन्यात सगळा घोळ झाला तो एका डीव्हीडीमुळे. ती लेकीने दिली होती. स्पृहा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि पायल नावाच्या मैत्रिणीबरोबर औंधात फ्लॅट घेऊन राहत होती. कंपनी जवळ पडते, हे कारण आगाशे येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यांसकट समजावून सांगत. रविवारी जेवून निघताना तिने डीव्हीडी बाबांच्या हातात ठेवली.

"हा तुम्ही आणि आईने बघा. दोघांनीच. मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"कसला आहे?"

"दोघी जणी गाडी घेऊन निघतात. विनोदी आहे, बाबा." एवढं सांगून ती चपलेचा पट्टा लावायला इतका वेळ वाकून बसली की कुणालाही शंका आली असती. आगाशे यांना आली नाही.

त्यांना झाला तो आनंद. महिना संपत आला होता आणि मंडळाचा सिनेमा ठरत नव्हता. वेष्टनावर उघडी गाडी, दोन हसऱ्या बायका आणि मागे लांबच लांब रस्ता. "अहो, आधी घरी बघू या, तिने सांगितलंय ना," असं कुसुमताई म्हणाल्या, तर "शितावरून भाताची परीक्षा होते, कुसुम," असं म्हणून आगाशे यांनी फलकावर सूचनासुद्धा लावून टाकली: 'कौटुंबिक प्रवासपट. उशिरा येणाऱ्यांनी येऊच नये.'

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. आगाशे माइकसमोर उभे राहिले आणि 'स्त्री आणि प्रवास' या विषयावर असे काही सुटले की बटाटेवडे गार झाले. "या दोन भगिनी," ते म्हणाले. मग "या भगिनींचा निर्मळ भगिनीभाव" म्हणाले. मग घरोघरी असा भगिनीभाव नांदो, असंही म्हणाले. तेवढ्यात स्पृहा आणि पायल मागच्या दाराने आत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कोकणात जाणार होत्या आणि बाबांची मारुती न्यायची होती. समोर काय लागतंय ते पडद्यावर दिसलं आणि स्पृहा मटकन खुर्चीत बसली. दिवे मालवले होते, त्यामुळे आगाशे यांना यातलं काहीच दिसलं नाही.

सिनेमा मात्र रंगला. त्या दोघींनी चोरलेल्या गाडीच्या डिकीत दागिन्यांची पिशवी निघाली, मागे गुंड लागले, गुंडांच्या मागे एक ढेरपोट्या पोलीस लागला. मंडळाच्या अध्यक्ष कौशल्याबाई, वय ऐंशीच्या पुढे, थेट पडद्याला सूचना देत होत्या. "स्टेपनीखाली ठेव ना गं पिशवी. डोकं म्हणून नाही पोरीला." दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले श्रीधर केळकर पिस्तुलं कशी चुकीची धरली आहेत ते शेजाऱ्यांना सांगत होते. आगाशे कृतकृत्य झाले.

मग धर्मशाळेसारख्या एका खोलीत एकीने दुसरीच्या कपाळावरचं रक्त पुसलं आणि तिचा मुका घेतला. कपाळाचा नव्हे. आणि लगेच आटोपलाही नाही.

आगाशे यांच्या डोळ्यांपुढे आपल्याच भगिनी, आपलाच भगिनीभाव नाचू लागला. ते उठले, दोन पाय तुडवत भिंतीपाशी गेले आणि प्रोजेक्टरची पिन उपटली.

"लोडशेडिंग," ते अंधारात म्हणाले.

"पंखे फिरतायत, आगाशे," केळकरांचा आवाज आला. "लोडशेडिंग नुसतं सिनेमाचंच आहे का?"

कुणीतरी दिवे लावले. आगाशे यांनी सवयीने माइक हातात घेतला. तिथेच त्यांचं चुकलं. "मंडळी, क्षमा असावी. हे असलं आपल्यासारख्या घरांत चालत नाही. ज्याने कुणी हा सिनेमा मला दिला, त्याला लाज वाटायला हवी."

"मीच दिला," मागून स्पृहा म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मग तिने पायलचा हात धरला आणि दोघी बाहेर गेल्या.

त्या धरलेल्या हाताकडे बघताना आगाशे यांना चपला, औंध, 'दोघांनीच बघा' आणि 'मग बोलायचंय' हे सगळं एकदम समजलं. आतापर्यंत त्यांना लाज वाटत होती ती लोकांची. आता जी वाटली ती स्वतःची होती आणि ती कुठे लपवावी ते कळेना. पोरीने किती धीर गोळा करून ती डीव्हीडी हातात ठेवली असेल, आणि आपण ती वड्यांबरोबर वाटून टाकली. आज ती गेली तर पुन्हा येईल का?

"तुला माहीत होतं?" त्यांनी कुसुमताईंना विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या. तुम्हाला सांगायला बसलं की तुम्हीच बोलायला लागता. आता जा आणि किल्ली द्या तिला."

पार्किंगमध्ये स्पृहा पाठ करून उभी होती. आगाशे यांनी किल्ली पुढे केली. "किल्ली नको," ती म्हणाली. "आम्ही एसटीने जाऊ."

"स्पृहा, मी सिनेमा पाहिलाच नव्हता गं."

ती वळली. डोळे लाल होते. "मग इतका वेळ काय बोलत होतात?"

"प्रास्ताविक," आगाशे म्हणाले. "चुकलो मी. लाज मला वाटायला हवी आणि वाटतेय." पुढे खूप सुचत होतं, पण जन्मात पहिल्यांदा ते दोन वाक्यांत थांबले.

पायल आधी हसली. "काका, निर्मळ भगिनीभाव," एवढं म्हणून ती गाडीला टेकलीच. मग स्पृहाही हसली, हसता हसता रडली आणि शेवटी किल्ली घेतली.

"चला वर," आगाशे म्हणाले. "पुढे काय होतं ते मलाही बघायचंय."

वर त्यांच्या नसण्याने काहीच अडलं नव्हतं. कौशल्याबाईंनी पिन लावायला लावून सिनेमा केव्हाच सुरू केला होता. "त्या दोघींचं जमलंय ते कळलं आम्हाला," त्या म्हणाल्या. "पिशवीचं काय होतं ते बघू दे. बसा खाली." आगाशे लेकीच्या आणि पायलच्या मधल्या खुर्चीत बसले. दोघी नायिका पिशवीसकट निसटल्या तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

आगाशे यांना भरून आलं. ते उठले, माइकपाशी गेले, घसा खाकरला आणि लेकीकडे बघत म्हणाले, "आज एक बाप म्हणून मला फक्त दोन शब्द..."

माइक बंद पडला. भिंतीपाशी कुसुमताई पिन हातात घेऊन उभ्या होत्या.

"लोडशेडिंग," त्या म्हणाल्या.

मंडळ स्थापन झाल्यापासून एवढ्या टाळ्या आगाशे यांच्या कुठल्याच भाषणाला पडल्या नव्हत्या.